घरचा जमाखर्च : भीड भिकेची बहीण

दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी एक लहानसा खटला उभा राहिला. आरोपी होता माझा धाकटा पुतण्या, फिर्यादी त्याचे वडील, आणि न्यायासनावर, आमच्या घरात नेहमी असतात त्याप्रमाणे, सासूबाई. पुतण्या पुण्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. पाडव्याला सासूबाईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून साठविलेले ३,००० रुपये पुस्तकांसाठी म्हणून त्याच्या बँकेच्या खात्यात भरले होते. पहिल्या सत्राची पुस्तके ग्रंथालयातून मिळाल्यामुळे ती रक्कम तशीच राहिली होती, निदान आम्हा सर्वांची समजूत तशी होती. खानावळीचे पैसे भावोजी परस्पर भरतात व किरकोळ खर्चास रोख देतात. त्यामुळे ह्या खात्याकडे लक्ष देण्याचे कारण मुलालाही पडले नव्हते. परंतु आजीने सहज "पुस्तके घेतलीस का रे?" म्हणून विचारले, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. खात्यात दीड हजार रुपयेही उरले नव्हते.

"मी खर्च केले नाहीत," एवढेच तो म्हणे. "मग आजीच्या पैशांना पाय फुटले काय?" असे भावोजींनी विचारले. त्यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हते. जाऊबाई स्वयंपाकघरात डोळे पुशीत होत्या. दोन दिवस फराळाच्या ताटावर कोणी कोणाशी मोकळेपणाने बोलले नाही.

शेवटी मी म्हटले, निकाल देण्यापूर्वी पुरावा तरी पाहू या. भाऊबीज झाल्यावर मुलाने पासबुक भरून आणले व आम्ही दोघे ओसरीवर पेन्सिल घेऊन बसलो. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दर महिन्यास २३६ रुपये वजा झालेले होते : कमीत कमी शिल्लक न ठेवल्याबद्दल दंड २०० रुपये व त्यावर कर ३६. सहा महिन्यांचे १,४१६ झाले. शिवाय दर तिमाहीस भ्रमणध्वनीवरील संदेशांचे १७ रुपये ७० पैसे, असे दोन वेळा. आणि कार्डाचे वार्षिक १७७. एकूण १,६२८ रुपये ४० पैसे. मुलाने एक पैसाही खर्चिला नव्हता.

हे झाले कसे? खाते उघडले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि खाते विद्यार्थ्यांचे, म्हणजे शिल्लक शून्य असली तरी चालेल असे होते. बँकेने त्या वेळी दिलेले पत्रक जाऊबाईंनी कागदपत्रांच्या पेटीत जपून ठेवले होते, त्यावर तसे स्वच्छ छापलेले आहे. फेब्रुवारीत त्याला अठरा वर्षे पूर्ण झाली आणि बँकेने ते खाते आपणहून सर्वसाधारण प्रकारात घातले. सर्वसाधारण खात्यास ५,००० रुपये शिल्लक हवी. ही गोष्ट मुलाला कोणी कळविली नाही, वडिलांनाही नाही. संदेशांचे पैसे मात्र बिनचूक कापले गेले. जो एक संदेश यावयास हवा होता, तो तेवढा आला नाही!

आता ह्या बाबतीत नियम काय आहे ते पाहू. खात्यात शिल्लक कमी पडल्यास बँकेने ग्राहकाला तसे लगेच कळवावे, शिल्लक पुरी करण्यास एक महिन्याची मुदत द्यावी, आणि त्यानंतरच दंड घ्यावा, असे रिझर्व्ह बँकेने २०१४ च्या नोव्हेंबरात ठरवून दिले व १ एप्रिल २०१५ पासून ते लागू झाले. दंड किती कमी पडले त्या प्रमाणात असावा, आणि केवळ दंडापायी खाते उणे शिलकीत जाऊ नये, हेही त्यातच सांगितलेले आहे. दोन वर्षे व्यवहार न झाल्यामुळे जे खाते निष्क्रिय ठरले, त्यावर तर असा दंड घेताच येत नाही. म्हणजे दंड घेणेच मुळात गैर असे नव्हे. न कळविता घेणे गैर.

हे सर्व वाचून दाखविल्यावरही आमच्या यजमानांचे मत पडले की, हजार-दीड हजारांसाठी बँकेच्या दारात वाद घालणे आपल्या घराला शोभत नाही. सासूबाई जप करीत होत्या. त्यांनी माळ खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आणि पोराला दोन दिवस चोर ठरविले, ते शोभले काय?" पुढे कोणी बोलले नाही.

शाखाधिकारी सभ्य गृहस्थ होते. यंत्र आपोआप वजावट करते, आमच्या हाती काही नाही, असे त्यांनी आरंभी सांगितले. पत्रक पुढे ठेवल्यावर, विशेष बाब म्हणून निम्मी रक्कम परत देऊ, असे म्हणाले. पुतण्या भिडेने 'बरे' म्हणणार, इतक्यात मी विचार करण्यास वेळ मागून घेतला. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "निम्मे चुकले आणि निम्मे बरोबर, हे गणित कोणत्या शाळेत शिकवितात?"

मग मुलानेच पत्र लिहिले. मी ते तीन वेळा पुन्हा लिहावयास लावले, कारण पहिल्या दोन्हींत राग फार आणि तारखा थोड्या होत्या. तिसऱ्यात खात्याचा प्रकार, पत्रकाची प्रत, प्रत्येक वजावटीचा दिवस व रक्कम, पूर्वसूचना मिळाली नाही हे विधान आणि परत हवी ती रक्कम, एवढेच होते. कार्डाचे १७७ रुपये आम्ही मागितले नाहीत. पहिल्या वर्षानंतर ते पडतील असे पत्रकात लिहिलेले होते. जे रास्त आहे ते सोडून द्यावे, म्हणजे उरलेल्या मागणीस जोर येतो. पत्राची पोच शिक्क्यासह घेतली. चोविसाव्या दिवशी १,४१६ रुपये खात्यात जमा झाले. संदेशांचे ३५ रुपये ४० पैसे मात्र आलेले नाहीत. असा आकार प्रत्यक्ष पाठविलेल्या संदेशांपुरताच घ्यावा असा दंडक आहे, म्हणून त्यांचा हिशेब मागणारे दुसरे पत्र गेलेले आहे.

हे गाऱ्हाणे काही आमच्या एकट्या घरचे नाही. ज्या खात्यांत गरिबांत गरिबाची शिल्लक असते, अशा मूलभूत बचत खात्यांवर स्टेट बँक महिन्यातील चार वजावटींनंतरच्या प्रत्येक वजावटीस १७ रुपये ७० पैसे घेत असे. यंत्रणेद्वारे केलेल्या लहानसहान देण्यांसही. मुंबईच्या आय. आय. टी.तील संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी ही गोष्ट हिशेब मांडून उजेडात आणली. ३० ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने, ठरावीक इलेक्ट्रॉनिक मार्गांनी केलेल्या व्यवहारांवर १ जानेवारी २०२० पासून घेतलेला आकार परत करा, असे सर्व बँकांस सांगितले. आणि स्टेट बँकेने सुमारे ९० कोटी रुपये खातेदारांना परत केल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. सतरा-सतरा रुपयांचेच ते कोटी झाले होते! त्याच बँकेने २०१७ च्या एप्रिलात पुन्हा सुरू केलेला किमान शिलकीचा दंड २०२० च्या मार्चमध्ये सर्व बचत खात्यांवरून उठविला. कोणी तरी हिशेब मागितला तरच असे घडते.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, अथवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. ही सोय १९९५ पासून आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात निरनिराळ्या योजना एकत्र झाल्यापासून देशातून कोठूनही एकाच ठिकाणी तक्रार करता येते. तीस फी नाही, वकील लागत नाही. आधी बँकेला लेखी कळविलेले असले पाहिजे, ही मात्र अट आहे; म्हणूनच त्या पोचेचे मोल. आणि एक सावधगिरी : 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, आलेला आकडा सांगा' असे म्हणणाऱ्या कोणाही परक्या माणसाला खात्याची गुप्त माहिती देऊ नये. परताव्यासाठी तिची गरज कधीच पडत नाही.

ज्यांची मुले परगावी शिकतात, त्यांनी आणखी एक करावे. मुलाला अठरावे वर्ष लागण्याच्या सुमारास, आणि शिक्षण पुरे होताच पुन्हा एकदा, खात्याचा प्रकार बदलला काय, हे लेखी विचारावे. अल्प शिलकीच्या मुलास मूलभूत बचत खाते सोयीचे. त्यास किमान शिलकीची अट नाही व कार्डास वार्षिक आकार नाही. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

'भीड भिकेची बहीण' असे आपले वाडवडील सांगून गेले. तरीही आपल्यासारख्या घरांतून पैशाचा प्रश्न विचारणे हलके समजले जाते आणि मुले तोच धडा गिरवितात. माझ्या पुतण्याने ऑगस्टमध्येच शिल्लक कमी झालेली पाहिली होती. तो बोलला नाही, कारण आपलीच काही चूक असेल असे त्याला वाटले. बँकेने १,४१६ रुपये घेतले. परंतु त्याला दोन दिवस अपराधी केले ते आम्ही. आपल्याकडे वडील मुलाची क्षमा मागत नाहीत, भावोजींनीही मागितली नाही. पण सुटी संपून तो पुण्यास निघाला, तेव्हा त्याची जड पेटी उचलून ते स्वतः स्थानकापर्यंत गेले, आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभे राहिले.

तेव्हा भगिनींनो, संक्रांतीचे तिळगूळ करण्याच्या गडबडीतून एक संध्याकाळ काढा आणि मुलांना जवळ घेऊन त्यांची पासबुके वाचा. झडती म्हणून नव्हे, सोबत म्हणून.