ई-मेलची किल्ली आपल्याच हाती हवी



मध्यंतरी एका रविवारी विहारात वंदना संपली, तरी वस्तीतली एक मुलगी मान खाली घालून बसून होती. पोरगी पदवीधर, आई चार घरची धुणीभांडी करते. एका नोकरीसाठी अर्ज केला होता. बरोबरच्या मैत्रिणीची मुलाखत झाली, हिला बोलावणेच नाही. कार्यालयात फोन केला तर उत्तर मिळाले, "आम्ही ई-मेल पाठवला होता."

ई-मेलचा पत्ता फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराने काढून दिला होता. पासवर्ड त्याच्या वहीत, मोबाईल नंबरही त्याचाच. दुकान बंद पडले आणि तिच्या नावाची टपालपेटी कुलपात अडकली.

आपल्या आज्या-आजोबांना आलेले पत्र वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागे. बाबासाहेबांमुळे आपण शिकलो, ते दार सुटले. मग ई-मेलसाठी पुन्हा दुसऱ्याच्या दारात का जायचे?

घरात जुना संगणक असला तरी काम भागते. जीमेलचे खाते फुकट निघते. पत्ता साधा ठेवा. गुणपत्रिकेवर आहे तेच नाव, तेच स्पेलिंग. गमतीची टोपणनावे नोकरीच्या अर्जावर शोभत नाहीत. पासवर्ड लांब ठेवा. जन्मतारीख किंवा फोन नंबर नको. वहीत लिहून ती जातीच्या दाखल्याशेजारी पेटीत ठेवा. मोबाईल नंबर स्वतःचा किंवा आईवडिलांचाच द्या. नंबर बदलला तर खात्यातही लगेच बदला. 'टू-स्टेप' तपासणी सुरू केली की 10 बॅकअप कोड घेता येतात. ते कागदावर उतरवून ठेवा, फोन हरवला तर तेच कामी येतात. ओटीपी मात्र कोणालाही सांगू नका.

नेट सतत नसेल तर थंडरबर्ड हा फुकट मिळणारा प्रोग्राम बसवा. आलेली पत्रे संगणकात उतरतात आणि नेट नसतानाही वाचता येतात. बसवताना 'पॉप' नव्हे, 'आयमॅप' निवडा, म्हणजे फोनवर आणि संगणकावर एकच टपाल दिसेल.

आता नेहमीच्या अडचणी.

'कनेक्शन सुरक्षित नाही' असे आले तर आधी संगणकाची तारीख पाहा. जुन्या संगणकात आतला बटणासारखा सेल संपला की तारीख काही वर्षे मागे जाते आणि सुरक्षेची तपासणी फसते. बहुधा तो सीआर 2032 या नावाने मिळतो. सेल बदला, तारीख नीट लावा.

अपेक्षित पत्र दिसत नसेल तर 'स्पॅम' उघडा. तिथले पत्र 30 दिवसांनी आपोआप पुसले जाते. कामाचे पत्र सापडले तर 'नॉट स्पॅम' दाबा.

जागा भरली की नवीन पत्र येतच नाही. गूगलची फुकट जागा 15 जीबी, आणि त्यातच फोनमधले फोटोही साठतात. लग्नाचे व्हिडिओ दुसरीकडे काढून ठेवा, जागा मोकळी करा, 'ट्रॅश'ही रिकामा करा.

दाखल्याची फाईल जात नसेल तर तिचा आकार पाहा. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे.

पासवर्ड विसरलात तर नेहमीच्या संगणकावरून, घरूनच 'फरगॉट पासवर्ड' करा. ओळखीच्या ठिकाणाहून खाते परत मिळण्याची शक्यता जास्त असते. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल बंद करून पुसू शकते, म्हणून अधूनमधून उघडत जा. सायबर कॅफेत उघडलेच तर निघताना 'साइन आउट' करायला विसरू नका.

त्या मुलीने नवा पत्ता स्वतःच काढला, मी फक्त शेजारी बसलो. जिथे जिथे अर्ज केले होते, तिथे तिने लेखी कळवून पत्ता बदलून घेतला. गेलेली मुलाखत काही परत आली नाही. पण पुढचे बोलावणे थेट तिच्याच हाती पडेल.

ज्याला हे येते त्याने शेजारच्या एका घराला शिकवावे. विहारात रविवारी तासभर बसलो तरी पुरे. मात्र समोरचा पासवर्ड टाकत असेल तेव्हा शिकवणाऱ्याने तोंड फिरवून बसावे!

जयभीम! जय भारत!