शिकाऊ वैमानिक आणि उतरतानाचे निर्णायक क्षण

ऑगस्ट २०२५ मध्ये साधारण आठवडाभराच्या अंतराने प्रशिक्षण विमानांचे दोन अपघात झाले. उत्तर प्रदेशात अलिगढजवळच्या धनीपूर येथे उतरताना एक विमान सीमाभिंतीवर आदळले. महाराष्ट्रात बारामती येथे दुसऱ्या विमानाचे पुढचे चाक उतरताना निखळले. दोन्ही घटनांत वैमानिक सुखरूप राहिल्याने त्यांची चर्चा लवकरच ओसरली. मात्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये गुजरातमधील अमरेली येथे प्रशिक्षण विमान निवासी भागात कोसळून शिकाऊ वैमानिकाला प्राण गमवावे लागले होते.

विमान सुखरूप उतरवणे हा उड्डाणशिक्षणातील सर्वांत कठीण धडा मानला जातो. सेसना १५२ सारख्या छोट्या विमानाची मागची दोन चाके आधी टेकावी लागतात, पुढचे चाक शेवटी. वेग अधिक असल्यास किंवा जमिनीपासूनच्या उंचीचा अंदाज चुकल्यास विमान उसळी घेते. अशा वेळी घाबरून विमानाचे नाक खाली दाबल्यास सारा आघात पुढच्या चाकावर येतो. मोठ्या उसळीनंतर इंजिनाची शक्ती वाढवून पुन्हा वर जाणे आणि नव्याने उतरणे, हाच सुरक्षित मार्ग होय. हा निर्णय क्षणार्धात घ्यावा लागतो आणि तो सरावानेच अंगवळणी पडतो.

म्हणूनच कोणत्याही अपघाताची चौकशी 'शिकाऊ वैमानिकाची चूक' या निष्कर्षावर थांबणे पुरेसे नाही. विद्यार्थ्याला एकट्याने उड्डाण करण्याची अनुमती प्रशिक्षक देतो, तर विमानाच्या देखभालीची जबाबदारी संस्थेवर असते. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक असतो आणि प्रत्येक तास खर्चिक असतो. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७०, तर इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवल्याने वैमानिकांची गरजही वाढली. अशा स्थितीत तास भरण्याची घाई शिक्षणावर मात करण्याचा धोका असतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन अपघात झाल्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण थांबवले होते. २०२५ मध्ये महासंचालनालयाने उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली श्रेणीवारी जाहीर केली. तीत वरच्या दोन श्रेणींत एकाही संस्थेला स्थान मिळाले नाही; १३ संस्था 'ब', तर २२ संस्था 'क' श्रेणीत होत्या.

अपघाताच्या तपासाचा हेतू दोषारोप नसून पुनरावृत्ती टाळणे हा असतो, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहे. जीवितहानी न झालेल्या अपघातांनाही तेच लागू केले पाहिजे. फसलेले उतरणे विद्यार्थ्याने निर्भयपणे नोंदवावे आणि पुन्हा वर जाण्याचा निर्णय कमीपणाचा मानला जाऊ नये, असे वातावरण संस्थांत निर्माण झाले, तरच श्रेणीवारीला अर्थ प्राप्त होईल. आजचा शिकाऊ वैमानिक उद्या शेकडो प्रवाशांची जबाबदारी घेणार आहे.