श्रेय युद्धाचे नव्हे!

‘युद्ध वाईट खरे, पण त्यामुळेच वैद्यकशास्त्र पुढे गेले,’ हे वाक्य आपल्या गप्पांत हमखास ऐकू येते. निदान कुवेतमध्ये राहणाऱ्यांनी तरी ते उच्चारू नये. २ ऑगस्ट १९९० हा दिवस अनुभवलेली मंडळी अजून आपल्यात आहेत.

हाडांच्या उपचारांचाच इतिहास पाहा. पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेले सैनिक मोठ्या संख्येने दगावत होते. त्यांतल्या अनेकांना वाचवले ते ‘थॉमस स्प्लिंट’ने, म्हणजे पाय ताणून स्थिर ठेवणाऱ्या साध्या लोखंडी चौकटीने. पण ती काही रणांगणावर जन्मली नव्हती! लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी ती १८७०च्या दशकातच तयार केली होती. १८९१ मध्ये ते वारले, तोवर त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. पुढे त्यांच्या पत्नीचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी ती सैन्याच्या गळी उतरवली. विहीर आधीच खणलेली होती. पाणी शेंदायला मात्र महायुद्ध यावे लागले. याला प्रगती म्हणायचे की अनास्था?

युद्धामुळे पैसा, शिस्त आणि निकड येते, हे मान्य. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये जखमी सैनिकांसाठीच उभे राहिले. पण जयपूर फूट? रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो १९६८च्या सुमारास एका नागरी रुग्णालयात घडवला. पुढे अफगाणिस्तानात सुरुंगांनी पाय गमावलेल्यांना तोच उपयोगी पडला. म्हणजे शांततेच्या काळातले संशोधन युद्धाच्या जखमा भरायला गेले!

आमच्या आयटीतही सर्व्हर बसल्यावरच बॅकअपची आठवण होते. त्याचे श्रेय कोणी बिघाडाला देत नाही.

आता आपल्याकडे या. २०२२ मध्ये भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. हे युद्ध नाही तर काय? इराक आणि अफगाणिस्तानातल्या लढायांनी पुन्हा सिद्ध केले की, हातापायातून वाहणारे रक्त पहिल्या काही मिनिटांत थांबवले तर माणूस वाचतो. हे आता सर्वांना ठाऊक आहे. मग आपल्यापैकी किती जणांना जखम घट्ट दाबून धरता येते? टूर्निके कधी आणि कुठे बांधायचा, हे किती जणांना माहीत आहे? आपण मोबाइल काढून फोटो घेतो आणि पोलिसांच्या कटकटीच्या भीतीने पुढे निघून जातो. वास्तविक २०१९च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने भारतात मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

मंडळाच्या कार्यक्रमात ऑर्केस्ट्राला तीन तास मिळतात. त्यांतला एक तास प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाला द्या. आपल्यात डॉक्टर आणि परिचारिका भरपूर आहेत. कुवेतचा ११२ आणि महाराष्ट्राचा १०८ हे दोन क्रमांक मुलांना पाढ्यांसारखे पाठ करून घ्या.

शिकायला आणखी एक युद्ध कशाला हवे?