कंबर वळवा, गुरुजी

बैलगाडा शर्यतीच्या घाटात हल्ली बैल, घोडी आणि भंडाऱ्याच्या जोडीला आणखी एक चीज दिसते: पॅनिंग शिकवणारे गुरुजी. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, गळ्यात दोन कॅमेरे, मागे फी भरलेले शिष्य. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली. बैलांना पळायला अटी-शर्ती आहेत. गुरुजींना कुठलीच नाही.

महामंत्र ठरलेला. "शटर वन बाय थर्टी, लेन्स पूर्ण उघडी, बर्स्ट लावा आणि धरा दाबून!" संपलं ब्रह्मज्ञान. आता मला सांगा, भर दुपारचं लख्ख ऊन. आयएसओ १०० ला एफ/१६ ठेवलं तर शटर १/१०० च्या आसपास लागतं, हे फिल्मच्या काळात स्टुडिओतल्या पोऱ्यालाही ठाऊक होतं. महाराज एफ/२.८ वर १/३० सांगतात. म्हणजे हवा त्याच्या साधारण शंभरपट उजेड! फोटोत बैल नाही, घाट नाही, नुसतं निर्गुण निराकार परब्रह्म. ॲपर्चर बारीक करा, एनडी फिल्टर लावा, नाहीतर ढगाची वाट पाहा, हे दोन मिनिटांत सांगून होतं. मग तीन तासांची फी कशाची घ्यायची?

मुळात पॅनिंग म्हणजे काय? पळणाऱ्या गाड्याच्या वेगाने कॅमेरा वळवत शटर दाबायचं. गाडा ठळक, मागचं जग रेघारेघांचं. हे काम बोटाचं कमी आणि कमरेचं जास्त. गाडा जिथे सगळ्यात जवळ येणार तिकडे पाय रोवायचे, कंबर सुटीच्या बाजूला पिळायची आणि गाड्याबरोबर सोडत आणायची. शटर दाबल्यावरही वळत राहायचं. जुन्या डीएसएलआरमध्ये आरसा वर गेला की डोळ्यापुढे अंधार होतो. नवशिक्याची कंबर नेमकी तिथेच थबकते. गुरुजी मात्र मेनूतलं सातवं पान उघडून बसलेले.

वर पुन्हा उपदेश: "जवळ जा, जवळ!" का हो? सेकंदाला १० मीटर पळणारा गाडा ५ मीटरवरून समोरून गेला, तर ऐन क्षणी सेकंदाला सुमारे ११५ अंशांच्या गतीने वळावं लागतं. २० मीटरवर उभं राहिलात तर २९ अंश पुरतात. शिकाऊ माणसाला चौपट अवघड जागी उभं करायचं आणि मग 'तुमच्यात पेशन्स नाही' म्हणायचं, ही कुठली अध्यापनपद्धती? शिवाय बैल उधळला तर पळायचं कुणी? गुरुजी घाटाच्या वरच्या अंगाला, मंडपात.

घरी आल्यावर चिकित्सा. "बैलाचा डोळा टॅक-शार्प नाही. रिजेक्ट!" अहो, चौखूर पळणाऱ्या बैलाचं डोकं वर-खाली होतं, तुमचा कॅमेरा मात्र आडवा चाललाय. १/३० सेकंदात गाडा फूटभर पुढे गेलेला असतो. तेवढ्यात डोकंही आपला प्रवास करून घेतं. साटा ठळक येईल, चाकाचा तुंबा ठळक येईल, खूर धूसर. तेच तर हवं होतं!

याच वर्गाच्या पहिल्या तासाला पडद्यावर कोण असतो? झाक-आन्री लार्तिग. विशीतही न पोचलेल्या या फ्रेंच पोराने १९१२च्या सुमारास ग्राँ प्री शर्यतीत कॅमेरा गाडीबरोबर वळवला, तोही गाडीपेक्षा हळू. त्याच्या शटरची फट सावकाश सरकणारी. परिणाम असा की चाक लंबगोल होऊन पुढे झुकलं, बघे आणि खांब मागे कलले, गाडीचं नाक तर चौकटीबाहेरच राहिलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६३ साली लार्तिगचं प्रदर्शन भरवलं आणि जग आ वासून बघत राहिलं. गुरुजीही पहिल्या तासाला आ वासतात. दुसऱ्या तासाला एखाद्या शिष्याचं चाक तसंच कललं, की डिलीट!

आणि या सगळ्यावरचा कळस ऐका. गुरुजींनी स्वतः लाखांच्या घरातला कॅमेरा घेतला, का? तर त्याचं शटर १/८००० पर्यंत जातं. तेवढ्या वेळात गाडा जेमतेम सव्वा मिलिमीटर सरकतो. गती पार गोठवायची, यासाठी पैसे. मग दर महिन्याला सॉफ्टवेअरचे पैसे, कारण गोठवलेल्या फोटोत गती परत घालायची! बैल कापून बाजूला ठेवायचे, मागचा डोंगर फरफटवायचा, बैल परत चिकटवायचे. चारही खूर हवेत थिजलेले, चाकाचा एकेक आरा मोजून घ्यावा असा स्पष्ट, आणि मागे सह्याद्री सुसाट सुटलेला. शर्यत नेमकी कोण जिंकलं, बैल की डोंगर? तरीही अशा फोटोला पहिलं बक्षीस मिळतं. परीक्षक कोण होते, हे तुम्ही ओळखलंच असेल.