परवलीचा शब्द आणि ‘यथावकाश’

गडाच्या दरवाजावर आगंतुकाला परवलीचा शब्द विचारणे हे पहारेकऱ्याचे काम. पण पहारेकरीच तटाबाहेर धावत जाऊन भेटेल त्याला आपली खूण सांगू लागला तर? विंडोज या संगणकप्रणालीत २०२५ साली असेच घडले. ओळख पटविण्याची एनटीएलएम ही तीस वर्षांहून जुनी पद्धत तीत अद्याप शिल्लक आहे. बाहेरून आलेल्या एका विशिष्ट फाइलवर नुसती टिचकी मारली, ती उघडली नाही, तरी संगणक आपण होऊन परक्या यंत्राशी संधान बांधी आणि वापरणाऱ्याच्या परवलीच्या शब्दावरून गणिताने सिद्ध केलेला पुरावा त्याच्या हवाली करी. तो हाती आला, की त्या माणसाचे सोंग घेऊन कचेरीत शिरण्याची वाट चोराला सापडते.

मायक्रोसॉफ्टने ११ मार्च रोजी दुरुस्ती प्रसिद्ध केली. या उणिवेचा गैरवापर होण्याचा संभव कमी, असा अभिप्रायही दिला. आठच दिवसांत, १९ मार्चपासून, तो गैरवापर सुरू झाला आणि पोलंड व रुमानियातील सरकारी संस्थांना त्याची झळ लागली. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने १७ एप्रिल रोजी तेथील केंद्रीय खात्यांना ८ मेची मुदत घालून दिली. दुरुस्ती जाहीर होते त्याच दिवशी उणिवेचा माग चोरालाही लागतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

पोलंड दूर आहे. पुणे दूर नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथील कॉसमॉस सहकारी बँकेत चोरांनी मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी तोतया यंत्रणा उभी केली. ती प्रत्येक मागणीला होकार देत गेली आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तेथील वाट निराळी होती, तोतयेगिरी तीच.

धाराशिव जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत शिक्षकांची वेतनदेयके ‘शालार्थ’मधून निघतात, सातबारा संगणकावरून मिळतो. परंतु ते संगणक वेळच्या वेळी दुरुस्त करणे हे नेमके कोणाचे काम? आपल्या कचेऱ्यांची आवडती भाषा ‘यथावकाश कार्यवाही’ची, चोराला मात्र आठ दिवस पुरतात. सबब जिल्हा प्रशासनाने प्रत्येक कार्यालयात एका अधिकाऱ्यावर नावानिशी ही जबाबदारी टाकावी, दुरुस्तीला दिवसांची मुदत ठरवावी आणि कोणत्या यंत्रावर कोणती प्रणाली आहे याची नोंदवही ठेवावी. विंडोज १० साठीच्या नियमित मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. अशी यंत्रे किती, हे तरी त्या वहीवरून कळेल. कार्यालयाच्या जाळ्यातून फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी थेट बाहेर जाणारी वाट बंद करणे हे तर जाणकाराचे तासाभराचे काम आहे.

घुसखोरी झालीच, तर ती ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेला कळविण्याचे बंधन एप्रिल २०२२ च्या आदेशाने घातले आहे. ते पाळायचे तर नको त्या फाइलवर टिचकी मारलेल्या लिपिकाने ते तत्काळ सांगितले पाहिजे. आणि त्याने सांगावे असे वाटत असेल, तर त्यानंतरचा पहिला कागद त्याच्याच नावे ‘कारणे दाखवा’ नोटिशीचा निघता कामा नये.