मंगळवारची सकाळ

मेरी बरुआ यांनी १९९१ साली दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था सुरू केली, तेव्हा आपल्याकडे स्वमग्नतेची जेमतेम ओळख होती. पुढे १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आणि २०१६चा दिव्यांग हक्क कायदा या दोन्हींत स्वमग्नतेला जागा मिळाली. शाळा, उपचार, प्रमाणपत्रं यांवर आता बोललं जातं. विशीतल्या स्वमग्न मुलीचा एखादा साधा मंगळवार कसा जातो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

हा अंक त्या मंगळवारासाठी आहे. चित्रं, विणकाम, मोबाइलवर काढलेले झाडांच्या सालींचे फोटो. असे छंद लगेच ‘थेरपी’च्या वहीत नोंदवले जातात, नाहीतर प्रदर्शनात मांडायची घाई होते. मला हे पटत नाही. इतरांना विरंगुळा म्हणून विणता येतं. स्वमग्न तरुणीने प्रत्येक टाक्यातून प्रगती का सिद्ध करावी?

फिरणंही सोपं नाही. दिल्लीतल्या जसोला विहारहून मेट्रोचं दुसरं स्थानक ओखला पक्षी अभयारण्याचं. थंडीत तिथे स्थलांतरित बदकं उतरतात. पण त्याच दिवसांत दिल्लीची हवा बिघडते, घराबाहेर पडू नका म्हणतात. ठरलेल्या वाटेवर ज्याचा दिवस उभा असतो, त्याचं त्यामुळे किती बिनसतं!

दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या बागांत सकाळचा एक तास भोंग्यांविना ठेवावा आणि काटेसावरीपाशी बराच वेळ एकट्याने उभ्या असलेल्या तरुणाला पहारेकऱ्याने हटकू नये, ही आमची मागणी आहे.