चित्रें कोणत्या क्रमानें लावावीं?

गेल्या महिन्यांत डोंबिवलीस आमच्या काकूंचें सहस्रचंद्रदर्शन झालें. होम, तुला, जेवणें, सर्व यथासांग पार पडलें. आणि जेवणानंतर घरांतील तरुण मंडळींनीं कार्यालयाच्या पडद्यावर कुटुंबाचीं छायाचित्रें दाखविलीं. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील तीन बिऱ्हाडांतून, सहा फोनांतून आणि एका जुन्या आल्बमांतून चारशें चित्रें जमविलीं होतीं. हौस दांडगी व हेतु चांगला; परंतु त्या अर्ध्या तासांत जें घडलें त्यामुळें हा विषय वाचकांपुढें मांडावासा वाटला.

एका नातवाच्या वाढदिवसापाठोपाठ काकूंच्या लग्नांतला, १९६५ सालचा, सगळ्या वऱ्हाडाचा फोटो पडद्यावर आला आणि त्याच्या मागून लगेच गेल्या वर्षींची महाबळेश्वरची सहल! काकू खुर्चींत पुढें वांकून, "अरे थांब, ती कडेची..." एवढेंच म्हणाल्या, तोंच चित्र गेलें. दर चित्रास चार सेकंद, मागें गाणीं जोडलेलीं, आणि सर्वांचा मिळून एकच अखंड व्हिडिओ. नेमकें तेंच चित्र परत आणणें कोणासच साधेना. "काकू, मागाहून दाखवितों हं," असें पुतण्या म्हणाला, आणि आवराआवरींत तें राहून गेलें.

लग्न सहलीच्या शेजारीं कसें येऊन बसलें, याचा उलगडा मागाहून झाला. फोन प्रत्येक चित्राच्या पोटांत तें काढल्याची तारीख व वेळ नोंदवून ठेवतो, व संगणक त्यावरून क्रम लावतो. पण जुना फोटो आपण स्कॅन केला, किंवा फोननें त्याचा फोटो घेतला, म्हणजे नोंद होते ती त्या दिवसाची. पासष्ट सालचें लग्न यंत्राच्या लेखीं गेल्याच वर्षांतलें ठरतें. शिवाय व्हॉट्सॲपवरून साधें चित्र पाठविलें कीं ही नोंद गळून पडते आणि चित्रही बारीक होतें. तेंच "डॉक्युमेंट" म्हणून पाठविल्यास जसेंच्या तसें पोंचतें. एवढें सांगून ठेवलें असतें तरी निम्मा घोटाळा टळता.

म्हणून आमची सूचना अशी कीं, क्रम यंत्रावर सोंपवूं नये. सर्व चित्रें प्रथम एका ठिकाणीं उतरवून घ्यावीं, त्यांची एक प्रत निराळी ठेवावी, व मगच नांवें बदलावीं. नांवाच्या आरंभीं आंकडा घालावा, पण तो ००१, ००२ असा; नुसतें १, २ घातल्यास कित्येक टीव्ही १ नंतर १० व ११ दाखवून मग २ कडे वळतात. आयफोनचीं चित्रें पुष्कळदां अशा ठेवणींतलीं असतात कीं टीव्ही तीं उघडीतच नाहीं. तीं आधींच जेपेगमध्यें बदलून घ्यावीं. आणि चारशें चित्रें कशाला? दीडशें घेतलीं व प्रत्येकास आठ सेकंद दिले तरी वीस मिनिटें होतात. गाळण्याचें काम मात्र एकानेंच करावें. सहा जणांची समिति नेमली कीं प्रत्येकाचीं मुलें राहतात व म्हातारीं माणसें गळतात, असा आमचा अनुभव आहे!

जुन्या फोटोंविषयीं आणखी एक. ते कांचेखालून काढूं नयेत, चकाकी येते. आणि मागची बाजूही टिपून घ्यावी. तेथें स्टुडिओचा शिक्का, क्वचित् एखादी तारीख, कोणाच्या तरी हातचीं दोन नांवें असतात.

पडद्यावर चित्रें दाखविण्याची कला आपल्या या भागास नवी नव्हे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं आपल्या मुलांच्या साह्यानें १८९२ सालीं "शांबरिक खरोलिका" या नांवाने चित्रांचे खेळ सुरू केले. शांबरी म्हणजे माया, व खरोलिका म्हणजे दिवा. मुंबईस वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें ७ जुलै १८९६ रोजीं दाखविण्यांत आलीं, त्याच्याही चार वर्षें आधींची ही गोष्ट. कांचेच्या पट्ट्यांवर हातानें रंगविलेलीं रामायण-महाभारतांतील चित्रें दिव्याच्या उजेडानें पडद्यावर पाडावयाचीं, त्या झपाट्यानें पालटून हालचालीचा भास निर्माण करावयाचा, आणि जोडीला निवेदन, संवाद व गाणें. आम्हांस येथें महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, चित्राशेजारीं बोलणारा माणूस उभा असे. चित्र सरकविणाराचा हात आणि सांगणाराचें तोंड यांची गांठ तुटली नव्हती. आमच्या पुतण्यानें ती गांठ गाण्यांच्या तबकड्यांपायीं सोडून दिली, एवढाच त्याचा दोष.

आठ दिवसांनीं आम्ही पुन्हां डोंबिवलीस गेलों. या वेळीं व्हिडिओ नव्हता. टीव्हीवर तो एकच फोटो, रिमोट काकूंच्या हातीं, व वही आमच्या. फोटोंत एकतीस माणसें. काकू डावीकडून सांगत गेल्या व आम्ही लिहीत गेलों. कडेच्या मुलीपाशीं त्या थांबल्या. "ही माझी धाकटी बहीण. माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनीं विषमज्वरानें गेली. हिचा दुसरा फोटो नाहीं रे." घरांतल्या सुनांना व नातवंडांना काकूंस बहीण होती हेंच ठाऊक नव्हतें. तो फोटो त्या आल्बमांत पन्नासाहून अधिक वर्षें होता. त्या दिवशीं कार्यालयांत तो सर्वांनीं मिळून चार सेकंद पाहिला.

एकतिसांपैकीं तेवीस नांवें वहींत उतरलीं. राहिलेले आठ जण वरपक्षाकडले. त्यांची ओळख काकांना होती, आणि काका दोन वर्षांपूर्वीं गेले. कल्याणास आमच्या एक आत्या आहेत, वय नव्वद, दृष्टि मंद. भाची त्यांच्यापाशीं टॅब्लेट घेऊन बसते व एकेक चेहरा मोठा करून दाखविते. हा मजकूर छापावयास देईपर्यंत दोन नांवें आलीं आहेत.